एका आखाड्यावर दोन नर

आमच्या परभणीकडं शेतातल्या गोठ्याला आणि त्याला लागून असलेल्या राहत्या खोलीला मिळून आखाडा म्हणतात. कुस्तीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तरी दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात आमच्याकडं जे झालं ते बघून शेजारचे काका म्हणाले, "आज नावाला जागला बघा तुमचा आखाडा."

सुलतान रॉटवायलर, तेव्हा 6 वर्षांचा, वजन 50 किलोच्या आसपास. राजा जर्मन शेफर्ड, 22 महिन्यांचा. दीड वर्ष दोघं एकाच लिंबाखाली झोपत होते. त्या दुपारी सालगड्याचा पाहुणा मोटारसायकलवर आला आणि दोघं फाटकाकडं धावले. फाटक आणि कडब्याची गंजी यांच्यामध्ये जेमतेम अडीच फुटांची वाट. दोघं एकदमच तिथं घुसले, खांद्याला खांदा घासला, आणि पाहुणा राहिला बाजूला, यांचीच जुंपली. फार तर 20 सेकंद. राजाचा कान फाटला, सुलतानच्या मानेला दोन भोकं पडली आणि माझ्या डाव्या हाताला तीन. सोडवायला मी मध्ये हात घातला होता. त्या शहाणपणावर पुढं येतोच.

संध्याकाळपर्यंत जो कोणी येऊन गेला त्यानं एकच निदान केलं: राजा तरणा झाला, आता त्याला मालकी पाहिजे. एका म्यानात दोन तलवारी राहत नसतात. मलाही ते पटलं. पुढचे दोन महिने मी त्याच समजुतीनं वागलो आणि भांडण वाढवत नेलं.

वर्चस्व नावाची गोष्ट प्राण्यांत असते, यात वाद नाही. ती कुठं असते आणि कुठं आपण उगाच चिकटवतो, एवढंच इथं सांगायचंय.

कोंबड्या, गायी आणि लांडगे

1920च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी कोंबड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाणे टाकल्यावर कोण कोणाला टोचतं, याची त्यांनी नोंद ठेवली होती. त्यात ठरलेला क्रम दिसला. वरची कोंबडी खालचीला टोचते, खालची उलट टोचत नाही, सरकून जागा देते. शास्त्रातली वर्चस्वाची कल्पना इथून पुढं आली.

ज्याच्या दावणीला चार जनावरं आहेत त्याला यात नवीन काही वाटणार नाही. आमच्या हौदावर म्हातारी देवणी गाय आली की दोन लाल कंधारी मागं सरतात. शिंग लागत नाही, नुसती मान हलते. क्रम असतो तो असा, भांडण टळावं म्हणून. रोज रोज रक्त काढत बसलं तर चरायचं कधी?

म्हणजे वर्चस्व हा कुणा एका जनावराचा स्वभाव नसतो. ते दोघांमधलं नातं असतं, पुन्हा पुन्हा समोरासमोर आल्यावर ठरलेलं, आणि बहुतेक वेळा एखाद्या वस्तूपुरतं.

मग कुत्र्याच्या डोक्यात कायम राजा व्हायचं असतं, ही गोष्ट आली कुठून? लांडग्यांवरून. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. ते लांडगे कोंडलेले होते. बाहेर जायला वाट नाही, मग जागेवरून मारामारी होणारच. त्यातून 'अल्फा' हा शब्द रुजला. अमेरिकेच्या डेव्हिड मेक यांनी 1970 च्या आपल्या पुस्तकात तोच शब्द वापरला आणि तो जगभर गेला. पुढं याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची पिल्लं. बाप लढून प्रमुख होत नाही, तो बाप असतो म्हणून पुढं असतो. स्वतःचं म्हणणं असं जाहीरपणे मागं घेणारी माणसं कमीच. पण शब्द तोवर घराघरांत पोचला होता, तो काही मागं आला नाही.

आता माझ्या दोघांकडं बघा. भाकरीच्या थाळ्यापाशी सुलताननं नुसतं बघितलं की राजा बाजूला व्हायचा. बाजेखालच्या सावलीत मात्र राजा आधी पडला असेल तर सुलतान दुसरीकडं जायचा. माझ्या पायाशी बसायला दोघांची ढकलाढकली. यांच्यात मालक कोण? या प्रश्नाला उत्तर नाही. विचारायचं ते हे की भांडण कशावरून झालं, कुठं झालं, आणि त्याआधीच्या मिनिटात काय घडलं.

कशावरून

"तरणा झाला" हे निदान अर्धं खरं होतं. नर पिल्लू साधारण 6 ते 12 महिन्यांत वयात येतं, पण मोठ्या जातींचा कुत्रा वागण्यानं प्रौढ व्हायला दीड ते तीन वर्षं लागतात. तोवर थोरल्या कुत्र्यानं गुरगुरून दटावलं की धाकटा लोळण घेतो, विषय संपतो. मग एक दिवस तो लोळण घेत नाही. दीड-दोन वर्षं गोडीनं राहिलेले नर अचानक भांडले, ही तक्रार याच वयात ऐकू येते. मालकाला ते अचानक वाटतं. थोरला महिनाभर आधीपासून ताठर झालेला असतो, पण आपण पेरणीत गुंतलेलो असतो.

त्या दुपारचं खरं कारण मात्र फाटकाजवळची वाट होती. अनोळखी माणूस दिसला की कुत्रा पेटतो. त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, मध्ये फाटक आहे. तो चढलेला पारा शेजारी जो असेल त्याच्यावर निघतो. वड्याचं तेल वांग्यावर. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे याला वळलेली आक्रमकता म्हणतात, आणि फाटकं, जाळ्या, गच्चीचे कठडे ही त्याची नेहमीची ठिकाणं. दोघांना एकमेकांच्या नजरेत पण हाताभर लांब साखळीनं बांधून ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. दिवसभर रोखून बघणं आणि झेप घेऊन मान आवळून घेणं, याचा सरावच होतो तो.

दुसरं कारण कळायला जून उजाडला. सुलतान मोटारीत चढताना मागचे पाय जुळवून उडी घेतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. कंबर दाबल्यावर तो वळून हाताकडं बघू लागला. एक्स-रेत खुब्याचा सांधा झिजलेला निघाला. मोठ्या जातींत हा आजार नेहमीचा. म्हणजे ज्याला आम्ही "गादी जाते म्हणून चिडलाय" म्हणत होतो, त्या कुत्र्याला धक्का लागला की दुखत होतं. मोठा कुत्रा वयाच्या पाच-सहा वर्षांनंतर एकाएकी चिडका झाला, तर आधी सांधे, कान आणि दात तपासून घ्यावेत. परभणी आणि उदगीर, दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मराठवाड्यातल्या माणसाला त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही.

भादव्याचं वेगळं सांगायला नको. आपल्याकडं गावठी कुत्र्या जास्त करून पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येतात, म्हणून तर ती म्हण पडली. वास वाऱ्यानं लांबवर जातो. कुत्री दिसत नसली तरी बांधलेले दोन नर दिवसभर येरझारा घालतात, खात नाहीत, एकमेकांच्या लघवीवर लघवी करतात. या दिवसांत त्यांना एकत्र सोडायचं नाही, बस.

आणि एक कारण आपण स्वतः. पुष्कळ भांडणं मालक समोर असतानाच होतात, कारण त्याचा हात, त्याचं कौतुक, त्याच्या पिशवीतलं बिस्किट हीसुद्धा वस्तूच. बाजारातून आल्यावर आधी कोणाला गोंजारायचं, याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

तोंड मिटतं तेव्हा

शेपूट हलली म्हणजे कुत्रा खुशीत, हे अर्धवट आहे. इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की मालक दिसल्यावर शेपटीचा झोल कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त जातो आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडं. तेवढं बारीक आपल्याला पळत्या कुत्र्यात दिसणार नाही. पण उंच, ताठ, काठीसारखी धरलेली आणि फक्त टोकाला थरथरणारी शेपूट आणि ढुंगणासकट हलणारी सैल शेपूट, हा फरक कोणालाही कळतो. रॉटवायलर, डॉबरमनची शेपूट कापण्याची हौस असते ना, ती दुसऱ्या कुत्र्याला दिसणारी ही खूणच कापून टाकते.

मी सगळ्यात भरवशाची मानतो ती खूण तोंडाची. मराठवाड्यातला एप्रिल, पारा 41-42. अशा दुपारी कुत्रा जीभ काढून सारखा धापा टाकत असतो, कारण अंगाचा ताप घालवायला त्याला तोच मोठा रस्ता. अशा उकाड्यात त्याचं तोंड एकदम मिटलं, धापणं थांबलं, तर समजायचं की त्याचं सगळं लक्ष एका जागी गेलंय. त्या दुपारी पाहुण्याच्या गाडीचा आवाज आला तेव्हा दोघांची तोंडं उघडी होती. वाटेत खांदे घासले तेव्हा आधी सुलतानचं मिटलं. मग तो जागीच थिजला, मान राजाच्या खांद्याच्या वर, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसेल असा. दोन सेकंद, कदाचित तीनही. गुरगुर त्यानंतर आली. त्या दोन सेकंदांत मी लांबूनच हाक मारून पाण्याची बादली वाजवली असती तरी कदाचित निभावलं असतं. नंतर काही नाही.

पाठीवरचे केस फिसकारले म्हणजे हल्लाच, असंही नाही. ते घाबरल्यावर, उत्साहातही उभे राहतात. उलट तोंड बाजूला वळवणं, जीभ नाकावरून फिरवणं, उगाच जमीन हुंगत बसणं, जांभई देणं ही "मला वाद नको" म्हणायची भाषा. राजा ती बोलत होता. अडीच फुटांच्या वाटेत त्याला बाजूला व्हायला जागा नव्हती.

गुरगुरण्याबद्दल एक पक्कं सांगतो: गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. ते बोलणं आहे. मारून मारून ते बंद पाडलं की कुत्रा सुधारत नाही, मुका होतो आणि पुढच्या वेळी न सांगता चावतो.

जातीचं काय?

2022 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी 18,385 कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली आणि 2,155 कुत्र्यांचे जनुक तपासले. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला जातीमुळं समजणारा वाटा निघाला फक्त 9 टक्के. बाकी संगोपन, अनुभव, तब्येत आणि ज्याचा त्याचा पिंड.

म्हणून जात बिनमहत्त्वाची, असं मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये 1835 च्या कायद्यानं बैलांवर कुत्रे सोडण्याचा खेळ बंद झाला, तेव्हा शौकीन कुत्र्यांच्या आपसातल्या झुंजींकडं वळले. बुलडॉग आणि टेरियरच्या संकरातून जे कुत्रे पुढं आले त्यांत पिढ्यानपिढ्या निवड झाली ती माघार न घेणाऱ्यांची. पिटबुल त्या घराण्यातला. माणसांशी तो मायाळू असू शकतो, पण दुसऱ्या कुत्र्याशी पेटला की लवकर थांबत नाही. त्याचा जबडा कुलपासारखा अडकतो ही मात्र भाकडकथा. जबडा इतर कुत्र्यांसारखाच, सोडत नाही तो हट्टानं. रॉटवायलर जर्मनीत गुरं हाकायचा आणि खाटकांच्या गाड्या ओढायचा. त्याचं मुख्य भांडवल वजन. दोन पॉमेरियन भांडले तर आपण हसतो, तेच भांडण 50 किलोवाल्यांनी केलं तर जनावर दगावतं. आपल्या लातूरकडच्या कारवानीचं उलट. अंगानं सडपातळ, कातडी पातळ. दांडग्या कुत्र्याबरोबर त्याला एका कुडात ठेवलं तर एका चाव्यात वीतभर फाटतं.

12 मार्च 2024 ला केंद्रानं राज्यांना 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगणारं पत्र काढलं होतं. पिटबुल, रॉटवायलर त्यात होते. एप्रिलात आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयात ते टिकलं नाही. माझं मत विचाराल तर यादीपेक्षा पिल्लू कुठून आणि कितव्या दिवशी आणलं हे जास्त मोजलं पाहिजे. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात पिल्लू जगाशी आणि इतर कुत्र्यांशी वागायला शिकतं. भावंडांना जोरात चावलं की ती किंचाळून खेळ सोडतात, त्यातून दाताला लगाम लागतो. राजा मला 35 व्या दिवशी विकला. विकणारा म्हणाला, "लहानपणी नेलं की माया लागती." माया लागली. दाताचा लगाम अर्धाच राहिला.

मी काय चुकलो

भांडणानंतर मी ठरवलं की थोरल्याचा मान राखायचा आणि धाकट्याला जागा दाखवायची. राजाला रोज उताणं पाडून मानेला धरायचो, कारण मोबाईलवर तसं बघितलं होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या 2009 च्या एका अभ्यासात 140 कुत्र्यांच्या मालकांना अशा उपायांबद्दल विचारलं होतं. ज्यांनी कुत्र्याला मारलं-लाथाडलं त्यांतल्या 43 टक्क्यांवर आणि ज्यांनी उताणं पाडून दाबलं त्यांतल्या 31 टक्क्यांवर कुत्रा उलट अंगावर आला. राजा माझ्या अंगावर आला नाही. पण सुलतान जवळ आला की मालक आपल्याला पाडतो, एवढं तो पक्कं शिकला. मग त्याला सुलतान लांबूनही नकोसा झाला.

"एकदा होऊन जाऊ द्या, आपोआप मिटंल" हा दुसरा सल्ला. कोंबड्यांचं मिटत असेल. या वजनाच्या कुत्र्यांत प्रत्येक झुंज पुढच्या झुंजीची तालीम असते. गंमत म्हणून झुंजी लावणारे, त्यांचे व्हिडिओ काढणारेही आहेत. प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा 1960 च्या कलम 11 प्रमाणं तो गुन्हा आहे, एवढं त्यांना कोणीतरी सांगावं.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुत्री बघायला मी जातो. तिथं दोन मालक समोरासमोर येतात आणि दोघंही पट्टा आखडून धरतात. कुत्र्याची छाती वर उचलली जाते, मान ताठ होते, डोळे बाहेर. समोरच्याला वाटतं हा अंगावर येतोय. दोघांनी पट्टा ढिला ठेवून बाजूला वळावं, इतकं सोपं असतं ते. पण मिशीला पीळ दिलेला मालक वळत नाही. कधी कधी वाटतं, दांडग्या नराच्या भांडणात निम्मा नर दोन पायांचा असतो.

सोडवायचं कसं

हात मध्ये घालायचा नाही, मान धरायची नाही, काठीनं बडवायचं नाही. मार बसला की कुत्र्याला तो समोरच्यानंच दिला असं वाटतं आणि पकड आवळते. दोन माणसं असतील तर दोघांनी मागून एकदम, एकेका कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय धरून वर उचलायचे आणि ढकलगाडीसारखं मागं मागं, थोडं वळवत ओढायचं. पकड घट्ट असेल तर ओढाताण नको, त्यानं मांस फाटतं. सुटेपर्यंत धरून थांबायचं. सुटल्यावर लगेच पाय सोडायचे नाहीत, दोघांमध्ये दार किंवा भिंत येईपर्यंत चालत राहायचं. एकटेच असाल तर बादलीभर पाणी तोंडावर, जाड गोधडी डोक्यावर, किंवा मध्ये पत्रा, फळी सरकवायची. तेही जमलं नाही तर एकाच्या कमरेला कासऱ्याचा फास टाकून खांबाला बांधायचं आणि दुसऱ्याला मागं ओढायचं.

जखम वरून टिकलीएवढी दिसते. आत दातानं कातडी मांसापासून सुटलेली असते आणि घाण खोल गेलेली असते. त्यात हळद, चुना, चहापावडर भरू नका. डॉक्टरांकडून धुऊन घ्या, नाहीतर उन्हाळ्यात माश्या बसून चार दिवसांत किडे पडतात. माणसाला दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कुत्रा घरचा असला तरी.

आता

दोघांचीही नसबंदी केली. शेतकऱ्याला हे समजावायला लागत नाही, गोऱ्हा खच्ची केल्यावर काय होतं ते तो पिढ्यानपिढ्या बघत आलाय. कुत्र्यात फरक दिसतो तो जास्त करून भटकण्यात, मग नरानराच्या भांडणात आणि लघवीच्या खुणांत. पण संप्रेरक थोड्या दिवसांत उतरलं तरी सवय तशीच राहते. भित्रा कुत्रा तर कधी कधी आणखी भित्रा होतो. मोठ्या जातींत फार लवकर केल्यानं सांध्यांना त्रास होतो असंही आढळलंय, म्हणून वय डॉक्टरांनी ठरवावं.

खरा फरक पडला तो वेळापत्रकानं. थाळे गोठ्याच्या दोन टोकांना. हाडूक मिळेल ते ज्याच्या त्याच्या कुडात. सकाळी एक मोकळा, दुपारी दुसरा. संध्याकाळी पांदण रस्त्यानं दोघांना दोन माणसांनी न्यायचं, सुरुवातीला 40 फुटांचं अंतर ठेवून, एकाच दिशेनं. समोरासमोर कधीच नाही. पहिले तीन आठवडे तोंडाला मुसकं होतं, कोळपताना बैलाला घालतो तसं जाळीचं, ज्यात जीभ काढून धापता येतं. अंतर कमी होत होत चार महिन्यांनी दोघं एका बांधावरून चालायला लागले. सुलतानला खुब्यासाठी गोळ्या चालू आहेत. तो आता आठ वर्षांचा आहे, राजा चारचा. मी समोर नसेन तर आजही दोघं एकत्र मोकळे नसतात, आणि पुढंही नसतील.

कडब्याची गंजी मात्र फाटकाजवळून हलवायला मला एक वर्ष लागलं. आता ती गोठ्याच्या पलीकडं आहे. गाडीचा आवाज आला की दोघं धावतात, 12 फुटांच्या मोकळ्या जागेतून, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, आणि फाटकावर दोन टोकांना उभं राहून एकाच माणसावर भुंकतात.